चौकोनाचा वरचा कोपरा

पुण्यातल्या कुठल्याही बास्केटबॉल कोर्टावर संध्याकाळी सहाला जाऊन उभं राहा. डेक्कन जिमखाना घ्या, फर्ग्युसन घ्या, नाहीतर सोसायटीच्या पार्किंगला लागून कशीबशी उभी केलेली एकुलती रिंग घ्या. बॉल कशालाही न शिवता जाळीतून सुळकन खाली आला की बाकावरची पोरं माना डोलावतात. तोच बॉल आधी रिंगमागच्या बोर्डाला लागून आत गेला की आवाज येतो, ‘तुक्का!’ मारणारासुद्धा जरा ओशाळतो. गुण दोन्हीचे दोनच.

हीच पोरं घरी कॅरम खेळतात तेव्हा न्याय वेगळा असतो. समोरच्या फ्रेमवर स्ट्रायकर आपटून, तो परत आणून आपल्याच बाजूची सोंगटी कुणी घेतली तर काका-मामा सगळे ‘काय हात आहे!’ म्हणतात. त्यात नशीब आहे असं कुणाला वाटत नाही, कारण फ्रेमवर कुठे आपटायचं हे धरायला काय लागतं ते प्रत्येकाच्या बोटांना माहीत असतं. बोर्डावरून मारलेला शॉट ही त्याच घराण्यातली विद्या आहे. फ्रेम उभी केली आहे आणि स्ट्रायकर सहाशे ग्रॅमचा आहे, इतकाच फरक.

या विद्येवर एका माणसाने १९ मोसम काढले. अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक लीगमधला टिम डंकन, उंची २.११ मीटर, संघ पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत एकच, सॅन अँटोनियो स्पर्स. १९९७ ते २०१६ या काळात नियमित मोसमांतले १,३९२ सामने, २६,४९६ गुण, १५,०९१ रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर हाती घेतलेला बॉल), ३,०२० ब्लॉक (हवेतच अडवलेला शॉट). पाच विजेतेपदं: १९९९, २००३, २००५, २००७ आणि २०१४. पहिल्या आणि शेवटच्या विजेतेपदात १५ वर्षांचं अंतर आहे, आणि आकड्यांच्या या ढिगातला सगळ्यात विलक्षण आकडा माझ्या मते तोच. एनबीएतलाच दुसरा दिग्गज शकील ओ’नील याने त्याला ‘द बिग फंडामेंटल’ हे नाव दिलं. आपल्याकडे म्हणायचं तर, बाराखडी पक्की असलेला धिप्पाड माणूस. टीव्हीवाल्यांना मात्र तो कंटाळवाणा वाटायचा. त्याच्या दहा सर्वोत्तम क्षणांची चित्रफीत पाहिली तर त्यात निम्म्या ठिकाणी बॉल बोर्डाला लागून मुकाट्याने आत पडतो आणि हा मागे वळून बचावाला पळतो.

तो बॉल आत का पडतो, ते नीट पाहिलं पाहिजे.

बोर्ड १.८० मीटर रुंद आणि १.०५ मीटर उंच. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटरवर. रिंगचा आतला व्यास ४५ सेंटिमीटर, आणि तिची आतली कड बोर्डापासून १५ सेंटिमीटर पुढे. म्हणजे रिंगचा मध्य बोर्डापासून साडेसदतीस सेंटिमीटरवर येतो. बॉलचा व्यास साधारण २४. बॉल बोर्डाला टेकतो तेव्हा त्याचा मध्य बोर्डापासून १२ सेंटिमीटर अलीकडे असतो, म्हणून तिथून रिंगच्या मध्यापर्यंत त्याला आडवं फक्त साडेपंचवीस सेंटिमीटर जायचं असतं. वीतभर अंतर म्हणा. एवढ्याशा अंतरात चूक वाढायला वावच राहत नाही, आणि बोर्डावरच्या शॉटचं सगळं इंगित इथे आहे. तीन मीटरवरून थेट रिंगचा नेम धरलात तर कोनातली बारीक चूक तीन मीटरभर वाढत जाते. शिवाय बॉल किंचित जोरात गेला तर थेट शॉटमध्ये तो मागच्या कडेवर आदळून बाहेर येतो. बोर्डाकडे गेलेल्या त्याच बॉलचा जादा जोर बोर्ड थोडासा खाऊन टाकतो.

आता आरशाचा हिशोब करा. रिंगच्या मध्यापासून तीन मीटरवर, ४५ अंशांच्या कोनात उभे आहात असं धरा. बोर्डाच्या मागे रिंगचं प्रतिबिंब आहे अशी कल्पना करून त्या प्रतिबिंबाकडे सरळ रेघ ओढली, तर ती बोर्डाला मध्यरेषेपासून साधारण २० सेंटिमीटरवर छेदते. बोर्डावर जो चौकोन रंगवलेला असतो तो ५९ सेंटिमीटर रुंद, म्हणजे अर्धी रुंदी साडेएकोणतीस. तेव्हा बॉल लागायची जागा आली चौकोनाच्या उभ्या रेघेपासून चार-पाच बोटं आत आणि उंचीला वरच्या रेघेच्या आसपास. शाळेतले सर ‘चौकोनाचा वरचा कोपरा बघ’ म्हणून ओरडतात ते यामुळे. तो चौकोन शोभेसाठी काढलेला नाही.

हाच हिशोब बेसलाइनच्या (रिंगमागच्या सीमारेषेच्या) जवळून, बेसलाइनशी फक्त १५ अंशांचा कोन करून केला, तर बोर्डावरची जागा मध्यापासून सत्तावन्न-अठ्ठावन्न सेंटिमीटरवर जाते. म्हणजे चौकोनाच्या बऱ्याच बाहेर, जिथे डोळ्याला धरायला काही खूणच नाही, आणि बॉल इतका तिरपा येतो की बोटभर चूक झाली तरी तो रिंगच्या पुढून निघून जातो. अगदी समोरून मारायचं तर बोर्डाचा उपयोग होतो, पण सवयीने थेट मारणंच सोपं पडतं. बोर्डाचं राज्य या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात, रिंगच्या दोन्ही बाजूंना. नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठातले अभियांत्रिकीचे प्राध्यापक लॅरी सिल्व्हरबर्ग यांनी सहकाऱ्यांबरोबर संगणकावर असे शॉट मोठ्या संख्येने मारून पाहिले आणि २०११ मध्ये निष्कर्ष मांडला: साधारण १२ फुटांच्या आत, अनेक कोनांमधून, बोर्डावरचा शॉट थेट शॉटपेक्षा २० टक्क्यांपर्यंत जास्त भरवशाचा ठरतो. डंकन कॉलेजही नॉर्थ कॅरोलिनातच शिकला. हा निव्वळ योगायोग. त्याने हे गणित कागदावर कधी पाहिलं नसेल, हाताने मात्र हजारो वेळा केलं असेल.

जागा कळली तरी बाकीचं काम हाताचं असतं. बॉल बोर्डाला खाली येताना लागला पाहिजे, निदान वळणाच्या माथ्यावर तरी. वर चढत असताना लागला तर तो आणखी वर उडून रिंगच्या पलीकडे उतरतो. बोटांच्या टोकांवरून सोडताना बॉलला उलटी फिरकी हवी. ती असली की बॉलची बोर्डाकडची बाजू वरच्या दिशेने फिरत असते, ती बोर्डाला घासली की बोर्ड बॉलला खाली, रिंगमध्ये ढकलतो. फिरकी नसेल तर बॉल बोर्डावरून निर्जीवपणे पुढे येतो आणि समोरच्या कडेवर बसतो. नवशिक्यांचे बहुतेक शॉट इथेच मरतात. जोर कमी पडला असं समजून पुढचा शॉट ते आणखी जोरात मारतात आणि तोही चुकतो. दोष जोराचा नसतोच. तळव्याने ढकललेला बॉल फिरत नाही, एवढंच झालेलं असतं.

डंकनची लाडकी जागा म्हणजे रिंगकडे तोंड केलं की डाव्या हाताला येणारा लो पोस्ट, म्हणजे रिंगजवळची बाजूची जागा. उजव्या हाताच्या खेळाडूने ती चाल शिकायची तर क्रम असा. रिंगकडे पाठ करून बॉल घ्यायचा, दोन्ही पाय एकदम टेकवून, म्हणजे कुठला पाय पिव्होट (जागेवर रोवून त्यावर वळायचा) करायचा हे आपल्या हातात राहतं. डाव्या पायावर वळून रिंगला सामोरं जायचं. बॉल छातीशी नाही, उजव्या मांडीजवळ, बचाव करणाऱ्याच्या हातापासून लांब. मग उजव्या पायाने मधल्या बाजूला एक छोटा जॅब (हुलकावणीचं पाऊल), वीतभराचा. मोठा टाकला तर तोल पुढे जातो आणि शॉटसाठी परत यायला वेळ लागतो. आता समोरच्याचे पाय बघायचे. तो मागे सरकला तर पाय परत आणून तिथेच उडी, बॉल बोर्डावर. तो जागचा हलला नाही तर त्याच पायाने आत एक ड्रिबल (बॉलचा जमिनीवर टप्पा) आणि हुक (एका हाताने डोक्यावरून सोडलेला शॉट). तो शॉट अडवायला उडाला तर त्याच्या हाताखालून एक पाऊल. इथे मुलांकडून हमखास ट्रॅव्हल (बॉल हातात धरून नियमाबाहेर पाऊल उचलण्याची चूक) होतो, कारण घाईत बॉल जमिनीवर टाकण्याआधी डावा पाय उचलला जातो.

पाहणाऱ्याला वाटतं, हे तर सगळ्यांना माहीत होतं, मग अडवलं का नाही? बचाव करणारा हात वर करतो तो बॉल आणि रिंग यांच्या मधल्या रेषेत. बोर्डावरच्या शॉटची रेषा ती नसते. बॉल रिंगच्या दिशेने येतच नाही, तो रिंगच्या बाजूला आणि तिच्याहून उंच जातो. हात असतो एका रेषेवर आणि बॉल दुसऱ्याच. त्यात मारणारा २.११ मीटरचा. माहीत असून अडवता न येणं हे फसवणुकीपेक्षा जास्त त्रासदायक असतं, आणि समोरच्या संघांचे चेहरे ते सांगायचे.

हा माणूस मुळात पोहणारा. जन्म १९७६ चा, कॅरिबियन समुद्रातल्या सेंट क्रॉय बेटावरचा. बेट अमेरिकेच्या ताब्यातल्या व्हर्जिन आयलंड्समधलं. थोरली बहीण ट्रिशा १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये पोहली होती आणि हा ४०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्याच वाटेवर होता. सप्टेंबर १९८९ मध्ये ह्यूगो चक्रीवादळाने बेटावरचा ऑलिंपिक मापाचा एकमेव तलाव मोडून टाकला. समुद्रात सराव करायचा तर त्याला शार्कची भीती. पुढच्या वर्षी, त्याच्या चौदाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, आई कॅन्सरने गेली. पोहणं संपलं. बास्केटबॉल त्याने नववीत हातात घेतला, म्हणजे आपल्याकडे ज्या वयात ‘आता दहावीचं बघ’ म्हणून मुलांचा खेळ बंद करतात त्या वयात.

वेक फॉरेस्ट विद्यापीठात तो पूर्ण चार वर्षं राहिला, आणि हे नमूद करायला हवं, कारण दोन वर्षांनंतरही त्याला एनबीएत अगदी वरच्या क्रमांकाने घेतलं गेलं असतं. तो थांबला, मानसशास्त्राची पदवी घेतली, आणि आत्मप्रौढी मिरवणारी माणसं इतरांना का नकोशी होतात या विषयावरच्या एका अभ्यास-प्रकरणाचा सहलेखक झाला. पुढची १९ वर्षं त्याने त्याच प्रकरणाचं प्रात्यक्षिक दिलं असं म्हणायचा मोह होतो. १९९७ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत, स्पर्सनी त्याला पहिला उचलला. तिथे डेव्हिड रॉबिन्सन हा दुसरा धिप्पाड माणूस आधीच होता, आणि प्रशिक्षक होते ग्रेग पॉपोविच. दुसऱ्याच मोसमात विजेतेपद.

त्याच्या खेळात चुकीला जागा ठेवण्याची एक पद्धत होती. शॉट निवडतानाही, आणि ब्लॉक करतानाही. आपल्याकडे ब्लॉक म्हटला की बॉल तिसऱ्या रांगेत भिरकावायचा, टाळ्या घ्यायच्या. पण बाहेर गेलेला बॉल परत समोरच्यांनाच मिळतो. डंकन फार उंच उडत नसे. तो हात सरळ वर ठेवून थांबे, समोरच्याने आधी उडायची वाट पाही, मग बॉलला फक्त बोटं लावी. बॉल कोर्टातच राही, बहुतेकदा स्वतःच्या किंवा सोबत्याच्या हातात, आणि तिथूनच उलटा हल्ला सुरू होई. कमी उडण्याचा दुसरा फायदा असा की फसवणुकीची हालचाल ओळखता आली नाही तरी पाय जमिनीजवळ असल्यामुळे परत सावरता येतं. जो आधी उडाला तो हवेत असतो आणि हवेत दुरुस्ती करता येत नाही.

१५ जून २००३, न्यू जर्सी नेट्सविरुद्धच्या अंतिम लढतीचा सहावा सामना. त्या रात्री २१ गुण, २० रिबाउंड, १० असिस्ट (सोबत्याला गुण करून देणारे पास), ८ ब्लॉक. चारही रकाने दुहेरी आकड्यात जायला दोन ब्लॉक कमी पडले. स्पर्स ८८-७७ ने जिंकले. रॉबिन्सनचा तो शेवटचा सामना. पुण्यात तेव्हा सोमवारची सकाळ होती, आणि आपल्याकडे बास्केटबॉलवर जीव असणाऱ्यांचं हे कायमचं दुखणं: खेळातला सर्वोत्तम तास नेमका दूध तापवण्याच्या आणि शाळेच्या रिक्षाच्या वेळेला येतो.

बाराखडी पक्की म्हणतो खरं, पण एका अक्षराने त्याला आयुष्यभर छळलं. फ्री थ्रो, म्हणजे फाउल झाल्यावर मिळणारा मोकळा शॉट. समोर कुणी नाही, घाई नाही, रेषा बोर्डापासून ४.६० मीटरवर, आणि तरी २००३-०४ च्या मोसमात त्याचे जेमतेम ६० टक्के पडले. कारकिर्दीची सरासरीही ७० च्या किंचित खाली. २००१-०२ मध्ये हाच माणूस ८० टक्क्यांना टेकला होता आणि २०१२-१३ मध्ये, छत्तिसाव्या वर्षी, ८२ च्या जवळ गेला. हात तोच होता, रेषाही तीच. ज्याला पायांच्या हालचालीतून लय सापडते त्याला जागेवर उभं करून ‘आता मार’ म्हटलं की लय तुटते, असं माझं मत. समोरून मारताना त्याचा लाडका कोनही उपयोगाचा नसे. दुसरा डाग गमतीचा: एप्रिल २००७ मध्ये डॅलसमध्ये बाकावर बसून हसल्याबद्दल पंचांनी त्याला बाहेर काढलं. ज्याच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही म्हणून जग वैतागायचं, त्याला हसण्याची शिक्षा. पुढे एनबीएने त्या पंचांनाच निलंबित केलं.

एप्रिल २००० मध्ये त्याच्या डाव्या गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे मेनिस्कस, फाटली आणि तो प्लेऑफला, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांना, मुकला. पुढे त्या गुडघ्यावर काळा ब्रेस कायमचा आला. उंच खेळाडूचा गुडघा उडी मारताना कमी आणि उतरताना जास्त मार खातो. वजन जितकं जास्त तितका प्रत्येक उतरण्याचा हिशोब मोठा. म्हणून तिशी ओलांडल्यावर त्याने वजन उतरवलं. आपल्याकडचा सल्ला नेमका उलट असतो, ‘पोस्टमध्ये खेळतोस, अंग भर’. विशीत ते ठीक. पस्तिशीत तेच अंग गुडघ्यावर व्याज लावतं.

मिनिटांचं तसंच. २००१-०२ मध्ये तो सामन्यामागे ४०.६ मिनिटं खेळत होता, म्हणजे ४८ पैकी जवळजवळ सगळी. २०११-१२ मध्ये २८.२. पॉपोविच त्याला सरळ सामनेच्या सामने बसवायचे. मार्च २०१२ मध्ये फिलाडेल्फियाविरुद्धच्या सामन्याच्या अधिकृत तक्त्यात, न खेळण्याच्या कारणापुढे, चक्क ‘म्हातारा’ या अर्थाचा शब्द छापला गेला. विनोद होता, पण त्यामागचा हिशोब पक्का होता. लांबलचक मोसमात मार्चमधली एक रात्र सोडली तर जूनमधली एक मिळते. पैशाचंही त्याने तेच केलं. वर्षाला सुमारे २ कोटी १० लाख डॉलर मिळत होते, ते २०१२ च्या करारात एक कोटीच्या आसपास आले. एनबीएत संघाच्या पगारावर मर्यादा असते. एकाने कमी घेतलं की उरलेल्यातून दुसरा चांगला खेळाडू आणता किंवा टिकवता येतो. याला त्याग म्हणायची घाई नको, तोवर त्याने भरपूर कमावलं होतं. पण नाव मोठं आणि वय झालेलं असताना पगार अर्ध्याखाली आणणारे किती निघतात, ते आपापल्या ऑफिसात मोजून पाहावं.

आणि तरीही एक दिवस चुकीला जागा उरली नाही.

२०१३, मायामी हीटविरुद्ध अंतिम लढत. सहाव्या सामन्यात डंकनने पूर्वार्धातच २५ गुण केले, एकूण ३० गुण आणि १७ रिबाउंड. विजेतेपद काही सेकंदांवर आलेलं. शेवटच्या क्षणी हीटला तीनचा शॉट (लांबच्या रेषेबाहेरून मारलेला, तीन गुणांचा) हवा होता, म्हणून पॉपोविचनी डंकनला बाकावर बसवलं, की बाहेर धावून अडवणारे चपळ खेळाडू कोर्टावर असावेत. हीटच्या लेब्रॉन जेम्सचा शॉट चुकला, रिबाउंड हीटच्याच क्रिस बॉशने घेतला, बॉल कोपऱ्यात रे ॲलनकडे गेला आणि ५.२ सेकंद उरलेले असताना बरोबरी झाली. रिबाउंड ज्याने घ्यायचा तो माणूस बाकावर होता. स्पर्स जादा वेळेत हरले. हा निर्णय चूक होता असं सर्रास म्हणतात. मला तसं वाटत नाही. चपळ माणसं ठेवल्यामुळेच पहिला शॉट अवघड झाला आणि चुकला. एकाच बदलाची एक बाजू फळली, दुसरी अंगाशी आली.

सातवा सामना २० जूनचा, आपल्याकडे शुक्रवार सकाळ. एक मिनिटही उरलेलं नाही, स्पर्स ८८-९० असे दोनने मागे. डंकनच्या अंगावर शेन बॅटिए, उंचीने आठेक सेंटिमीटर कमी. डंकन बॉल घेऊन आत आला, रिंगजवळून उजव्या हाताने हलका हुक सोडला, चुकला. रिबाउंडला स्वतःच बोटं लावली, तेही चुकलं. बचावासाठी मागे आल्यावर तो खाली वाकला आणि दोन्ही तळहात जमिनीवर आपटले. बस, एवढंच. १६ वर्षांत कॅमेऱ्यांना जे मिळालं नव्हतं ते त्या एका सेकंदात मिळालं. पुढच्या चढाईत लेब्रॉनने दोन गुण केले आणि सामना ९५-८८ ने गेला. डंकनचे त्या रात्री २४ गुण आणि १२ रिबाउंड होते. तक्त्यात तो हुक इतर चुकलेल्या शॉटसारखाच एक आकडा आहे.

पुढच्या वर्षी, ३१ मे २०१४ ला, ओक्लाहोमा सिटीविरुद्ध पश्चिम विभागाच्या अंतिम लढतीत जादा वेळेतल्या संघाच्या ११ पैकी ७ गुण याच माणसाचे. वय ३८. आणि मग हीटच समोर, निकाल ४-१. त्या मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला २२ वर्षांचा क्वाय लेनर्ड. डंकनला मिळालेल्या त्या मानांची गिनती २००५ लाच तीनवर थांबली होती, आणि त्याने त्या तीनवर भागवलं.

११ जुलै २०१६ ला संघाने एक निवेदन काढलं, डंकन निवृत्त होतो आहे. पत्रकार परिषद नाही, निरोपाचा मोसम नाही. त्याच वर्षी लॉस एंजेलिस लेकर्सचा कोबी ब्रायंट शहरोशहरी निरोप घेत फिरला आणि शेवटच्या सामन्यात ६० गुण करून गेला. दोन्ही रीती आपापल्या जागी शोभल्या. डंकनचं निवेदन वाचायला मिनिटसुद्धा लागत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्याबद्दल बोलायला पॉपोविच एकटेच पत्रकारांसमोर आले, अंगात डंकनचं चित्र असलेला टीशर्ट घालून. दोघांनी मिळून नियमित मोसमांतले १,००१ सामने जिंकले होते. २०१९-२० मध्ये तो साहाय्यक प्रशिक्षक म्हणून एका मोसमापुरता परतला, आणि पॉपोविच नसताना एका सामन्यात त्याने संघ सांभाळला, तो जिंकला.

त्याच्यानंतर बोर्डावरचा शॉट जवळजवळ दिसेनासा झाला, आणि त्याला कारण आहे. तीनचा शॉट ३५ टक्के पडला तरी दर प्रयत्नाला १.०५ गुण मिळतात. पोस्टमधून वळून मारलेला दोनचा शॉट तितकेच गुण द्यायचा तर साडेबावन्न टक्के पडावा लागतो. हा हिशोब खरा आहे. पण तो ज्यांचे तीनचे शॉट ३५ टक्के पडतात त्यांच्यासाठी. शाळेच्या संघात ते दहात दोन पडतात, आणि मुलं तरीही रेषेबाहेरून मारत राहतात.

पुण्यात मात्र बोर्डाची बाजू आणखी एका कारणाने पडकी आहे, ते म्हणजे बोर्ड. अर्ध्याअधिक ठिकाणी तो प्लायवुडचा किंवा पत्र्याचा. जून-जुलैत प्लाय पाणी पितो, थर सुटतात, बॉल लागला की ‘ठक्’ऐवजी ‘ठप्प’ आवाज येतो. असा बोर्ड बॉलचा वेग जास्त खातो आणि बॉल पुढे येण्याऐवजी बोर्डाच्याच बाजूच्या कडेवर पडतो. मागचे बोल्ट ढिले असले तरी तेच. ओल्या बोर्डावर उलटं: घर्षण कमी, त्यामुळे फिरकी पकडत नाही आणि बॉल घसरून पलीकडच्या कडेवर जातो. म्हणून पावसाळ्यात सरावाआधी बोर्डाचा मधला भाग कोरड्या फडक्याने पुसावा, काठीला फडकं बांधून. पोरं लटकून लटकून रिंगची पुढची बाजू दोन बोटं खाली आणतात, ती वेगळीच कहाणी. आणि चौकोन? तो बहुतेक ठिकाणी उडालेला असतो, नाहीतर रंगाऱ्याने बोर्डाच्या मधोमध काढलेला असतो. दिसायला नेटका, मापाला पूर्ण चूक.

चौकोन रिंगवरून काढायचा, बोर्डावरून नाही. आधी रिंग सरळ करा. गवंडी वापरतो ती पाण्याची नळी किंवा लेव्हल तिच्यावर धरून पुढची आणि मागची कड एका पातळीत आणा, बोल्ट आवळा. ओळंबा लावून बोर्डाची मध्यरेषा खडूने मारा. चौकोनाच्या खालच्या पट्टीची वरची कड रिंगच्या पातळीत आली पाहिजे. रेघेची जाडी ५ सेंटिमीटर, बाहेरून बाहेर रुंदी ५९, उंची ४५. दोन्ही कर्ण मोजा, ते ७४.२ सेंटिमीटर भरले तर काटकोन बरोबर. कडांना मास्किंग टेप लावा. पांढऱ्या बोर्डावर काळा ऑइल पेंट, पारदर्शक बोर्डावर पांढरा, पातळ दोन हात. जाड एक हात दिला तर तो पहिल्याच पावसात पोपडे धरतो. टेप रंग पूर्ण सुकण्याआधी काढा.

रंग सुकला की रिंगच्या मध्यातून ओळंबा जमिनीपर्यंत सोडा. त्या बिंदूपासून साइडलाइनच्या दिशेने २.१२ मीटर, मग कोर्टाच्या मध्याच्या दिशेने २.१२ मीटर मोजून फुली मारा. दोन्ही बाजूंना एकेक. हीच ती ४५ अंशांची, तीन मीटरची जागा. बॉल गडद रंगाचा आणि बोर्ड पांढरा असेल तर बॉलला किंचित ओली माती चोळा, बोर्डावर ठसे उमटतात. दहा शॉट मारून ठसे बघा. उभ्या रेघेच्या बाहेर पडले असतील तर डोळा रेघेवर आहे, आतल्या जागेवर नाही. सगळे वरच्या रेघेच्या खाली असतील तर बॉल सपाट जातो आहे, गुडघे वाकवा. ठसे एका मुठीत मावायला लागले की दुसऱ्या फुलीवर जा.